खंडोबाचं भरीत

सोजराबाईंचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून चंपाषष्ठीच्या भरताचं काम त्यांच्या मुलानं, विक्रमनं, अंगावर घेतलं. शिक्रापूरच्या रूमवर आपण कसं झकास रांधतो, हे त्यानं वर्षभर फोनवर मिरवलं होतं. आता वरवंडच्या चुलीपुढं ते सिद्ध करायची वेळ आली होती.

"लसूण सोल की रं," आई म्हणाली.

"सोलत बसतंय कोण? ही बघ, आमच्या कंपनीतल्या पोरांची युक्ती." त्यानं लसणाची पूड मिसळलेल्या मिठाची बाटली लसूण म्हणून भरतावर सढळ हातानं झटकली. मग सवयीनं साधं मीठही घातलं. देवाच्या आधी चाखायचं नसतं, म्हणून चाखलं नाही.

देवाला नैवेद्य दाखवून झाला, गाईपुढं ताटली ठेवली. गाईनं भरीत फस्त केलं, ताटली चाटून लख्ख केली, वर विक्रमची बोटंही चाटली. विक्रमची छाती फुगली. "बघितलंस आई? चव तिलासुद्धा कळली!"

आईनं एक घास खाल्ला आणि ती तांब्याभर पाणी प्याली.

"व्हय बाबा," ती म्हणाली. "तुझं आबा मिठाचा खडा ठेवायचं, तवा बी ती असंच चाटायची."