पावलांच्या वर

एकतीस वर्षं पानसोकने डोंगरातल्या एका वळणावरून बस नेली. तिथल्या कड्यात कोरलेल्या बुद्धाची त्याला पावलंच तेवढी दिसायची. बाकीची मूर्ती काचेच्या वर राहायची आणि नजर रस्त्यावरून हलवायची सोय नव्हती. निवृत्तीनंतर फोटोग्राफर मुलीने, हेरानने, त्याला बळेच तिथे आणलं. "दगडांचे फोटो काढून काय मिळतं गं तुला?" तो गाडीतूनच कुरकुरला. "अप्पा, उतरून एकदा वर बघा." तो उतरला. धुकं वर सरकत होतं. गुडघे, छातीशी जोडलेले हात दिसले, मग बसच्या दारापेक्षाही मोठा चेहरा. अर्धमिटले डोळे खालच्या वळणाकडे लागले होते. पानसोकने टोपी काढली. "म्हणजे हा रोज माझ्याकडे बघत होता," तो पुटपुटला. हेरानने कॅमेरा आवरला. "चला अप्पा, उशीर होतोय." नोकरीत कधी उशीर न केलेला पानसोक वरच बघत म्हणाला, "होऊ दे."