तिसरा ड्राइव्ह

कंपनीच्या ऑनलाइन गेमच्या सर्व्हरसाठी ती तिसरा ड्राइव्ह मागायला गेली, तेव्हा साहेब सगळ्यांदेखत हसले होते. "अहो बाई, दोन्ही ड्राइव्हवर एकच डेटा आहे. एक गेला तर दुसरा आहेच. तिसऱ्याचं काय लोणचं घालायचंय?"

एकावर पुसलं की दुसऱ्यावरचंही त्याच क्षणी जातं, हे तिने परोपरीने सांगितलं. ऐकेनात, तेव्हा पदरमोड करून तिने स्वतःचा ड्राइव्ह आणला आणि रोज त्यावर प्रत काढू लागली. साहेबांना कळलं. आगाऊपणा केला म्हणून त्यांनी तिला घरी बसवलं.

चार महिन्यांनी त्यांचाच फोन आला. "ताई, कुणाच्या तरी हातून खेळाडूंचं सगळं पुसलं गेलं हो. दोन्हीवरचं! तुमचा तो ड्राइव्ह आहे ना अजून?"

"आहे की. जपून ठेवलाय. पण आधी सगळ्यांसमोर माझी माफी मागायची."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी अख्खा स्टाफ गोळा करून हात जोडले. "चुकलो, ताई. अक्कल गहाण ठेवली होती मी."

तिने पर्समधून ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला. साहेबांनी तो घाईघाईने जोडला आणि त्यांचा चेहराच पडला. "अहो, हा तर कोरा आहे!"

"असणारच," पर्सची चेन लावत ती म्हणाली. "कंपनीचा डेटा बाहेर जायला नको म्हणून शेवटच्या दिवशी तुम्हीच माझ्या डोक्यावर उभं राहून तो पुसून घेतलात. आता घाला त्याचं लोणचं."