खिळ्यावरचं कॅलेंडर

आंघोळ करून, खांद्यावर टॉवेल टाकून बळीराम बाहेर आले आणि दारातच थबकले. हॉलमध्ये रंभा पाळण्याची दोरी ओढत गुणगुणत होती. त्यांची सहा महिन्यांची नात डोळे मिटायच्या बेतात होती. रंभाच्या ओठांवर होता तो पाळणा ना रामाचा, ना कृष्णाचा. दर एप्रिलात जयंतीला विहारात बाया म्हणतात, तो भीमाचा पाळणा होता. बळीरामांची बायको सत्यशीला जिवंत होती तेव्हा प्लांटच्या कॉलनीतल्या विहारात तिच्याशिवाय तो कोणी सुरू करत नसे.

रंभाला कामावर लागून आज चौथा दिवस. तिच्याआधी तीन आया येऊन गेल्या होत्या. पहिलीनं हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि पुढं ठेवलेल्या पाण्याला हात लावला नाही. दुसरीनं दोन दिवस काढले, मग जावेचं आजारपण पुढं केलं. तिसरी निदान तोंडावर खरं बोलली. इकडे सून मोनालीची रजा संपत आलेली. नोकरी कंत्राटी, सोमवारी हजर झाली नाही तर तिच्या खुर्चीत दुसरी बसेल, हे साहेबानं फोनवर गोड बोलून सांगितलं होतं. मुलगा राजदीप प्लांटात शिफ्टला. आणि लकव्यापासून बळीरामांचा डावा हात नुसता शोभेला उरलेला, लेकरू उचलायची सोयच नव्हती.

तेव्हा रविवारी त्यांनी कोणालाही न विचारता फोटो उतरवला, सत्यशीलाच्या लुगड्यात गुंडाळून दिवाणात ठेवला आणि त्याच खिळ्यावर सोनाराकडचं लक्ष्मीचं कॅलेंडर लावलं. मोनालीनं भिंतीकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. ती चिडली असती, भांडली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं.

सोमवारी रंभा आली. तिनंही आधी भिंतच पाहिली आणि कोणी विचारलं नसताना म्हणाली, “आमी कुणबी आहो, भंडाऱ्याकडले.”

“आमीबी तेच,” बळीराम म्हणाले होते.

पस्तीस वर्षं प्लांटच्या गेटावर ओळखीच्या-अनोळखीच्या प्रत्येकाला खणखणीत जयभीम घालणारा माणूस. ‘आमीबी तेच’ हे दोन शब्द त्यांच्या तोंडातून इतक्या सहज निघाले, की त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. पण लेकरू रंभाच्या खांद्यावर पडल्या पडल्या रडायचं थांबलं आणि मोनाली वेळेवर कामाला गेली. घर चाललं होतं.

आता रंभाची नजर वर गेली. दोरी तिच्या हातातच राहिली. दारात मालक उभा पाहून तिचा चेहरा पांढरा पडला.

“शेजारच्या बाया म्हनत असते, बाबाजी,” ती घाईघाईनं म्हणाली. “कानावर पडलं तं तोंडात आलं. मले काई मालूम नाही त्यातलं.”

बळीरामांना हसू आलं. चार दिवस दोन माणसं एका कॅलेंडराकडे पाहून एकमेकांना भीत होती. पण लकव्यापासून त्यांचं हसू चेहऱ्यावर नीट उमटत नसे आणि घाईत बोलायला गेलं की जीभ अडखळायची. शिवाय इतक्या घाबरलेल्या बाईला नुसत्या बोलण्यानं काय पटणार? दाखवलेलं बरं, असं त्यांना वाटलं.

“थांब तू. आलोच मी,” एवढंच म्हणून ते आतल्या खोलीत गेले.

एका हातानं गादी सरकवायची, फळी उचलायची, ती डोक्यानं तोलून धरायची आणि त्याच हातानं आत चाचपायचं. फळी दोनदा धाडकन खाली पडली. रजया बाहेर निघाल्या, मग लुगडं सापडलं. त्यांनी फोटो काढला, काच टॉवेलनं पुसली, कोपऱ्यातली धूळ बोटानं काढली. आज आपल्या हातानं तो पुन्हा त्या खिळ्यावर लावायचा आणि रंभालाच कॅलेंडर उतरवायला सांगायचं, असं त्यांच्या मनात होतं. कितीतरी दिवसांनी त्यांना आनंद झाला होता.

ते बाहेर आले. नात गाढ झोपली होती. तिच्या दोन्ही बाजूंना उशा नीट लावलेल्या होत्या. दुधाची बाटली धुऊन पालथी घातलेली. दार नुसतं लोटलेलं होतं आणि दाराशी रंभाच्या चपला नव्हत्या.

बळीराम फोटो काखेत धरून गॅलरीत गेले. दोन मजले खाली रंभा डोक्यावर पदर घेऊन कॉलनीच्या गेटाकडे निघाली होती. त्यांच्या पायांना ती आता सापडणार नव्हती, पण हाक पोचली असती. प्लांटच्या गेटावर रोज घातलेल्या त्या एका शब्दाचं काम होतं. तो शब्द ऐकला असता तर ती जागच्या जागी थांबली असती, मागं वळली असती. त्यांनी तोंड उघडलं. समोरच्या गॅलरीत पांडेबाई कपडे वाळत घालत होत्या.

“ओ बाई,” बळीरामांनी हाक मारली, “थांब!”

म्हाताऱ्याचा आवाज मागून आला तशी रंभानं मान खाली घातली आणि पावलं उचलली. गेटाबाहेर पडून ती रस्त्याला लागली, मग दिसेनाशी झाली.

पांडेबाईंनी ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला. “क्या हुआ अंकल?” त्यांनी विचारलं. “कुछ लेके भागी क्या?”

“नही,” बळीराम म्हणाले आणि फोटोची काच त्यांनी छातीकडे वळवली.