घरच्यांसाठी पास

“घेतलं! त्या शेंबड्याला घेतलं!” भोंग्यानं मोबाइल बाकावर आपटला आणि दुकानाच्या पायरीवरून थेट रस्त्यावर थुंकला. “आणि त्याच्यासाठी काढला कोण? आपला गोलकीपर! अकरा वर्षं अंगावर चेंडू झेलले त्या माणसानं. शी! किळस येते रे या टीमची.”

भोंगा या टायरच्या दुकानाचा मालक. हॉकीच्या मैदानावर स्टँडच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभा राहून ओरडायचा, म्हणून भोंगा. त्याचा दोस्त मीटर वायरमन होता आणि स्टँडमध्ये ढोल बडवायचा. दोघांनी आजवर एकही मॅच चुकवलेली नव्हती. स्वतःच्या लग्नादिवशीचीसुद्धा नाही, असं भोंगा छाती फुगवून सांगायचा. त्याची बायको तेवढ्यात उठून आत जायची.

मीटर मोबाइलवरचा फोटो न्याहाळत होता. मिसरूड फुटतंय न फुटतंय असं पोरगं, कॉलेजचं ओळखपत्र अजून गळ्यात. “गेल्या वर्षी कॉलेजकडून खेळताना आपल्यावर तीन गोल केले यानं,” तो म्हणाला.

“आणि वर आपल्यासमोर येऊन तोंडावर बोट ठेवलं! गप्प बसा म्हणून! मला! विसरलास?”

विसरतोय कसला! त्या बोटाचाच राग धरून तर भोंग्यानं जागच्या जागी गाणं रचलं होतं. पोराची आई कॉलेजच्या वसतिगृहात झाडलोट करते, ही माहिती मीटरची. तिथं वायरिंग करताना त्यानं तिला रोज पाहिलं होतं. तेवढं पुरलं. पाच मिनिटांत दोन हजार माणसं ढोलाच्या तालावर बोंबलत होती:

आईच्या हाती झाडू, पोराच्या हाती काठी,
दोघंही जन्माला आली मैदान झाडण्यासाठी!

“आता याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या की काय आपण?” मीटरनं विचारलं.

“टाळ्या गेल्या खड्ड्यात. शनिवारच्या मॅचला त्याचा एक पास चुकू दे, की तेच गाणं. आपला झाला म्हणून काय डोक्यावर बसवायचा?” भोंग्यानं एक ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवली आणि बुडबुडे कुठून येतात ते बघू लागला.

“दादा, भोंगा म्हणतात ते तुम्हीच का?”

पायरीवर एक बाई उभी होती. हातात कापडी पिशवी, पायांत रबरी चपला.

“मीच. पंक्चर आहे का, मावशी? गाडी कुठाय?”

“गाडी नाही. मैदानाच्या फाटकावरच्या माणसानं तुमच्याकडे पाठवलं.”

मीटरनं मान वर करून तिला पाहिलं आणि झटकन पुन्हा खाली घातली. बाईनं पिशवीतून एक पास काढला. “शनिवारचा आहे. घरच्यांसाठी देतात म्हणे. तुमच्या टीमनं नवा घेतला ना, तो माझा मुलगा.”

भोंगा ताडकन उठला. ओले हात विजारीला पुसले आणि तोंडभर हसला. “अरे वा वा! अभिनंदन, मावशी! बसा की. मीटर, चहा सांग रे!” दोन मिनिटांपूर्वी थुंकलेलं अजून रस्त्यावर वाळलं नव्हतं. काय बोलायचं अशा माणसाला!

“चहा नको. एक विचारायचं होतं. या पासवरची जागा स्टँडमध्ये तुमच्या अगदी खाली येते, असं फाटकावरचा म्हणाला.” तिनं पास नीट धरला. “मी त्याची एकही मॅच बघितलेली नाही. आधी तो ये म्हणायचा, मला सुट्टी नसायची. गेल्या वर्षी त्यानं तीन गोल केले, बक्षीस आणलं आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हापासून म्हणतो, आई, तू येऊ नकोस. हा पाससुद्धा त्यानं दिला नाही, कपडे धुताना खिशात सापडला. त्याच्या मित्राला खोदून विचारलं, तर म्हणाला, तुमच्यावर एक गाणं आहे.”

भोंग्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं. ते आवरायचं कसं, हे त्याला कळेना.

“काय आहे ते गाणं?”

“अहो, ते... खेळातलं असतं, मावशी. मनावर घ्यायचं नसतं.”

“मनावर घ्यायचं की नाही ते ऐकल्यावर बघीन. तिथं एकदम कानावर पडलं आणि माझा चेहरा उतरला, तर तो खालून बघेल. खेळ बिघडेल त्याचा. म्हणून इथंच ऐकून घेते. सहन होण्यासारखं असलं तर शनिवारी येईन.”

“मला... मला नीट आठवत नाही.”

“दोन हजार माणसांपुढं म्हणता की. इथं तर आपण तिघंच आहोत.”

भोंग्यानं मीटरकडे पाहिलं. मीटर घमेल्यात बघत होता. भोंग्यानं तोंड उघडलं. “आईच्या...” एवढाच शब्द फुटला. पुढं तोंडात काहीतरी कडूजहर आलं. थुंकावंसं वाटलं, पण तिच्यासमोर थुंकणार कुठं? त्यानं ते गिळलं.

तेवढ्यात मीटर उठला आणि त्यानं कॉम्प्रेसरचं बटण दाबलं. हवा कशातच भरायची नव्हती. धडधड आवाजानं सगळं दुकान हादरायला लागलं, आता कुणाचं कुणाला ऐकू येणं शक्य नव्हतं. सुटलो एकदाचे, असं दोघांनाही वाटलं असणार. बाईनं पिशवी खाली ठेवली आणि ती हाताची घडी घालून उभी राहिली.

टाकी भरली. कॉम्प्रेसर आपोआप बंद झाला.

“हं, सांगा,” ती म्हणाली.