लुसियाची तीन मिनिटं

तेजलचे आईवडील नागपूरचे, पण तिचा जन्म आणि शाळा स्वीडनमधली. नोकरीसाठी ती नेदरलँड्समधल्या द हेगला आली आणि पाठोपाठ लॉकडाऊन लागलं. त्याच वसंतात स्वीडनमधल्या शेजारच्या आस्ट्रिड आजी कोरोनानं गेल्या. लहानग्या तेजलला मांडीवर घेऊन स्वीडिश शिकवलं होतं ते त्यांनीच. तिला अंत्यविधीलाही जाता आलं नाही, आणि आजींबद्दल त्यांच्याच भाषेत बोलावं, तर इथे कुणी नव्हतं.

डिसेंबरात तिला स्वीडिश वारसा मंडळाचा पत्ता लागला. शंभर वर्षांपूर्वी स्वीडनहून इथे येऊन राहिलेल्या खलाशांच्या नातवंडा-पतवंडांचं हे मंडळ. त्यांचा लुसियाचा, म्हणजे दिव्यांचा सण यंदा झूमवर होता. आठवणी सांगायला प्रत्येकाला तीन मिनिटं होती. तेजलनं लगेच नाव दिलं.

पडद्यावर पंचवीस चौकटी होत्या, प्रत्येकीत मेणबत्ती आणि मागे निळापिवळा झेंडा. तेजल बोलू लागली. आजींचे केशर घातलेले पाव, त्यांचं रागावणं, त्यांचं शेवटचं पत्र. नऊ महिन्यांनी ती पोटभर स्वीडिश बोलली आणि बोलता बोलता रडली.

एकीनं रुमाल डोळ्यांना लावला. मग अध्यक्षांनी माइक सुरू केला आणि ते डचमध्ये हळुवारपणे म्हणाले,

"किती गोड आहे हो तुमची हिंदी! पुढच्या वर्षी मात्र थोडं स्वीडिश शिकून या. भाषा टिकवायची आहे ना आपल्याला!"