झोळीतली वाट

सबनीसांनी झाडाची लाल फीत सोडून झोळीत टाकली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पन्नास किलोमीटरच्या त्या डोंगरी शर्यतीत वाट दाखवायला अशा फिती बांधतात. शेवटचा धावपटू पुढे गेला, की मागून त्या गोळा करायचं काम सबनीसांचं. शेवटचा धावपटू म्हणजे दरवर्षी मीच. मी पोचेपर्यंत चहासुद्धा संपलेला असतो.

पुढच्या घाटात दरड कोसळण्याचा इशारा होता. शर्यत रद्द, सगळ्यांनी आल्या वाटेनं माघारी फिरायचं.

सबनीसांनी कपाळावर हात मारला. "अहो ताई, आली वाट तर सगळी माझ्या झोळीत आहे!"

रानात अकरा फाटे, वरून धुकं, आणि दोनशे माणसं परतणार. सबनीस तर फक्त फितींकडे बघत आले होते. "चला, बांधू," मी म्हटलं. हळू जाणाऱ्याला वाट पाठ असते. इथे मी केळं खाल्लं होतं, तिथे बुटातला खडा काढला होता, त्या उंबराखाली पुन्हा न येण्याची शपथ घेतली होती. मागून येऊन मिळालेली तरणी पोरं गाठी मारू लागली, पण मला ओलांडून कोणी जाईना.

शर्यत सुरू झाली त्या कमानीखाली मी पहिली पोचले! सगळ्यात पुढे गेलेला दरवर्षीचा विजेता अर्थातच सगळ्यात शेवटी आला, चिखलानं माखलेला.

"काकू, चहा संपला?"

शेवटच्या धावपटूसाठी मी बशीनं झाकून ठेवलेला कप त्याच्या हातात दिला.