पडदा काळा, आवाज खणखणीत

या, असे जवळ सरकून बसा. लातुरातल्या एका नव्या टीव्हीची गोष्ट सांगतो. कीर्तनाची गोडी असेल त्यांनी तर पुढंच बसा.

"अक्का, दारातनं सरक," राघवेंद्र सर तिसऱ्यांदा म्हणाले. "मेकॅनिकला आत जाऊ दे."

"कीर्तन चालू हाय. संपल्याबिगर कुणी आत यायचं न्हाई."

सरांची थोरली बहीण, चंद्रप्रभा अक्का, आपल्या खोलीच्या बंद दाराला पाठ लावून खुर्चीत ठाण मांडून बसली होती. आतून एका बाईचा खडा आवाज येत होता.

सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे. यंदा त्यांची लेक मुग्धा बारावीला होती, आणि बारावीच्या घरात लातूरकर जे करतात ते सगळं त्यांनी केलं होतं. केबल काढली, पेटी-तबला माळ्यावर टाकला, पाहुण्यांना परीक्षा होईपर्यंत येऊ नका म्हणून कळवलं.

पण अक्काने आपल्या पेन्शनीतून नवा चपटा टीव्ही आणि डिश आणून खोलीत बसवलीच. "बारावी पोरीची हाय, माझी न्हाई!"

शेवटी तह झाला. अक्काने दार लावून ऐकायचं, मुग्धाने संध्याकाळभर गच्चीवरच्या खोलीत अभ्यास करायचा.

रोज सहाला कीर्तन सुरू व्हायचं. सरांचा चहा हातातच गार व्हायचा. "बाई गाते मात्र छान," असंही एकदा त्यांच्या तोंडून निघून गेलं.

परवा दार किलकिलं राहिलं. सरांनी डोकावलं, तर फटीतून टीव्ही तेवढा दिसला: आवाज चालू आणि पडदा काळाकुट्ट! म्हणून आज मेकॅनिक विनोदला बोलावणं.

"आतली लाईट गेली असंल, सर," विनोद म्हणाला. "आवाज राहतो, चित्र जातं. मला कोडं आवाजाचंच पडून राहिलंय. या पातळ टीव्हीचे स्पीकर भिंतीकडं तोंड करून असतात, आवाज डब्यातनं आल्यावानी येतो. ह्यो तर देवळातल्यावानी घुमून राहिलाय!"

"मग बिघडलं कुठं?" अक्का कडाडली. "जा माघारी."

"बदलून द्यायची मुदत उद्या संपते," सर चिडले. "आज बघू दिला नाहीस तर मीच दुकानात परत टाकून येतो. मग बस कीर्तनाविना!"

"टाक की! त्र्याण्णवच्या भूकंपात दीड दिवस ढिगाऱ्याखाली अभंग म्हणत होते, राघू. माझं तोंड दिसलं होतं का कुणाला? आवाजावरच काढलं ना? मला चित्र नगं. पर ह्यो एक तास मी कुणाला देणार न्हाई. तुला बी न्हाई."

सर विनोदच्या कानाशी लागले, "जिन्याखाली मेन स्विच आहे. पाड खाली. कीर्तन बंद पडलं की हलेल ती."

विनोद गेला. अक्काला उमगलं तशी ती खुर्चीतून उठलीच. "आरं, थांब!"

खटका पडला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत थांबला. फ्रीजची घरघर निमाली. आणि त्या शांततेत, बंद दाराआडून, आवाज तसाच खणखणीत आला: "मायबाप श्रोतेहो, चुकलंमाकलं पदरात घ्या, आणि मला गायला शिकवणाऱ्या माझ्या चंद्रप्रभा आत्याची तेवढी आठवण ठेवा."